जुळणारी रेघ

मुलांनो, खलाशी ज्यानं सूर्याची उंची मोजत, त्या जुन्या सेक्स्टंटवरचा कोन वाचायला मला फार आवडतं. एका अंशाची साठ मिनिटं; पितळी कमानीवर दर दहा मिनिटांना एक रेघ. सरकत्या व्हर्नियर पट्टीचं शून्य समजा ४२ अंश २० मिनिटांच्या जरा पुढे थांबलं. किती पुढे? अंदाज ठोकायचा नाही! भिंगातून पट्टीची कोणती रेघ कमानीच्या रेघेशी तंतोतंत जुळते ते बघायचं. सातची जुळली? मग कोन ४२ अंश २७ मिनिटं. फ्रान्सच्या पिएर व्हर्नियर यांनी १६३१ साली ही युक्ती मांडली.

एका मिनिटाचं एवढं काय, म्हणाल? भरदुपारच्या सूर्यावरून अक्षांश काढताना तेवढं चुकलं, तर नकाशावर जहाज सुमारे १,८५२ मीटर सरकतं. तेवढ्यात खडक असला तर? शाळेतल्या व्हर्नियर कॅलिपरवरही हीच युक्ती आहे. जुळणारी रेघ शोधून पाहा बरं!