धूळ आणि गोंदण

फोटो स्कॅन करायचा तर तो काचेवर पालथा ठेवावा लागतो, आणि त्यामुळे चेहऱ्याआधी पाठ दिसते. आमच्या घरातले जुने फोटो आम्ही जन्मभर समोरूनच पाहिले. काळ्या जाड कागदाचा अल्बम, चार कोपऱ्यांत अडकवलेला फोटो, वर सळसळणारा बटर पेपर. मागे काय आहे ते पाहायची वेळच कधी आली नव्हती. कोपरे सैल करून फोटो सोडवला, की मागे स्टुडिओचा जांभळा शिक्का निघतो, पेन्सिलीनं टाकलेला एखादा नंबर निघतो, कधी वळणदार अक्षरात ‘चि. गोदूच्या’ एवढंच वाचता येतं आणि पुढची शाई पाण्यानं पसरलेली असते. म्हणून माझ्याकडे प्रत्येक फोटो काचेवर दोनदा जातो, आधी सुलटा आणि मग पालथा. पाठ आणि चेहरा अशा दोन फायली एकाच नावानं शेजारी शेजारी राहतात.

ती शाई पसरली ऑगस्ट 2019मध्ये. सांगलीत कृष्णेचं पाणी चढलं आणि आत्याच्या घराचा खालचा मजला बुडाला. धान्य, गाद्या, फ्रीज यांची मोजदाद नंतर होत राहिली. भिंतीतल्या कपाटात खालच्या फळीवर अल्बम होते, हे मात्र पाणी ओसरून चिखल काढायला घेतल्यावर ध्यानात आलं. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो आणि चित्र त्या थरात असतं. पाण्यात तो फुगतो, मऊ पडतो, आणि दोन फोटो तोंडाला तोंड लावून वाळले की पुन्हा सुटत नाहीत. ओले आहेत तोवरच स्वच्छ पाण्यात सोडवून एकेक करून वाळवले तर बरेच वाचतात. आत्यानं नेमकं तेच केलं होतं, कुणी न सांगता. वरच्या खोलीत जुन्या साड्या अंथरून तिनं सगळे फोटो सुटे मांडले, पंखा लावला आणि रात्रभर उठून उठून पाहत राहिली. वाचलेल्यांच्या कडा वाकल्या, कोपरे वर उचलले गेले, काहींवर गाळाची पुटं राहिली. ‘हे घेऊन जा आणि तुझ्या त्या मशीनमध्ये घालून ठेव,’ ती मला म्हणाली. पुढं स्वतःच पुण्याला येऊन माझ्या शेजारी बसू लागली.

ते मशीन जुनं आणि जड आहे, आणि मला ते तसंच हवं आहे. हल्ली पातळ, हलके स्कॅनर मिळतात, एका यूएसबी वायरवर चालतात. त्यांतला सीआयएस सेन्सर काचेच्या अगदी लगत सरकतो आणि काचेला टेकलेलं तेवढंच स्पष्ट टिपतो. सपाट कागदपत्रांना तो उत्तम. पण पुरात वाकलेल्या फोटोचा कोपरा काचेपासून जरा उचललेला असला, की त्या कोपऱ्यातला माणूस धूसर होतो. दाबून सपाट करावा तर वाळलेला थर तडकतो. जाड स्कॅनरमध्ये आरसे असतात, भिंग असतं आणि सीसीडी सेन्सर असतो. काचेच्या थोडं वर राहिलेलंही त्याला नीट दिसतं. असं हे यंत्र कंपनीच्या लेखी केव्हाच संपलं होतं. दिवा चालतो, आरसे शाबूत, काचेवर ओरखडा नाही, पण नव्या विंडोजसाठी ड्रायव्हर काढणं कंपनीनं बंद केलं. त्याला पुन्हा उभं केलं ते व्ह्यूस्कॅननं. एड हॅम्रिक या माणसानं 1998मध्ये हा प्रोग्रॅम लिहायला घेतला, आणि कंपन्यांनी सोडून दिलेले कितीतरी स्कॅनर तो आजही चालवतो. लिनक्सवर हेच काम सेन नावाची मोफत व्यवस्था करते. चांगलं चालणारं यंत्र एका ड्रायव्हरपायी भंगारात जाऊ नये म्हणून कुणी इतकी वर्षं झटतं, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

काच मऊ फडक्यानं पुसायची, फोटोवरची धूळ ब्लोअरनं उडवायची, झाकण लावायचं. प्रिव्ह्यू म्हटलं की फटीतून प्रकाशाची पट्टी भरभर जाऊन येते आणि पडद्यावर ढोबळ चित्र उमटतं. त्याभोवती तुटक रेषांची चौकट ओढायची, कडा मुद्दाम थोड्या बाहेर ठेवून, म्हणजे फोटोची नागमोडी किनारही येते. मग खरी फेरी. डीपीआयच्या यादीत भलेमोठे आकडे असतात. त्यांतले वरचे बरेचसे यंत्रानं प्रत्यक्ष पाहिलेले नसतात, शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजानं भरलेले असतात. कागदावरच्या फोटोला 600 पुरतात. निगेटिव्ह बोटभर असते, तिला 2400 किंवा 3200 लागतात. 600ला पट्टी इतकी सावकाश सरकते, की तेवढ्यात आत्याची एक हकिगत सांगून होते.

पणजीच्या फोटोपाशी आम्ही फार वेळ थांबलो.

पणजी स्टुडिओतल्या खुर्चीत बसली आहे. मागे रंगवलेला पडदा, त्यावर कमान आणि झाडं. शेजारी तिवईवर फुलदाणी. नऊवारीचा काठ पावलांवर नीट पसरलेला, बोटं एकमेकांत घट्ट अडकवलेली. ती कॅमेऱ्याकडे पाहत नाही, कॅमेऱ्याच्या जरा डावीकडे पाहते. तिथं पणजोबा उभे होते म्हणे. मूळ फोटो पोस्टकार्डाएवढा, त्यात तिचा चेहरा माझ्या अंगठ्याच्या नखाहून जरासा मोठा. पडद्यावर तो वाढवत गेले तशी नथीतल्या मोत्यावरची चमक दिसली, एका कानातली बुगडी दिसली, आणि हनुवटीवर तीन बारीक ठिपके, भुवयांच्या मध्ये एक.

प्रोग्रॅममध्ये धूळ आणि ओरखडे काढायची एक चौकट असते. ती टिक करून आणि रिकामी ठेवून दोन्ही चित्रं शेजारी पाहायची मला सवय आहे. टिक केली. पडदा स्वच्छ झाला, गाळाचे शिंतोडे गेले, कमानीवरचा ओरखडा गेला. हनुवटीही स्वच्छ झाली. मोत्यावरची चमक विझली.

‘अगं, गोंदण कुठं गेलं तिचं?’ आत्या एकदम म्हणाली. ‘ही आमची आजी नव्हे.’

मी टिक काढली. ठिपके परत आले, त्यांच्याबरोबर शिंतोडेही आले. आत्या पडद्याच्या अगदी जवळ सरकली आणि बोलत राहिली. पणजीचं गोंदण लग्नाआधीचं, जत्रेत आलेल्या गोंदणारणीकडून करून घेतलेलं. रडू नये म्हणून तिच्या आईनं हातात गुळाचा खडा दिला होता. दागिने मागं राहतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं पणजी पुढं नातींना सांगायची. ही समजूत महाराष्ट्रातल्या कितीतरी बायकांच्या तोंडी होती. सोनं गहाण पडतं, विकलं जातं, सुनेच्या अंगावर जातं. कातडीत गेलेला ठिपका कुणाला काढून घेता येत नाही. तो ठिपका माझ्यासमोर एका टिकेनं गेला होता.

प्रोग्रॅम काय करतो ते समजून घेतलं तर त्याला बोल लावता येत नाही. प्रत्येक ठिपका तो आजूबाजूच्या ठिपक्यांशी ताडून पाहतो. उजळ जागेत अचानक एक काळा कण, काळ्या जागेत अचानक एक पांढरा, आकार लहान, शेजाऱ्यांशी मेळ नाही. मग ती धूळ. ती जागा शेजारच्या रंगानं भरून टाकायची. पडदा कुठला आणि हनुवटी कुठली हे त्याला ठाऊक नाही. गोंदण, तीळ, देवीचे व्रण, नथीची चमक, कुंकवाखालची बारीक चिरी, या सगळ्यांची ओळख त्याच्या लेखी एकच.

निगेटिव्हच्या बाबतीत तर हे आणखी पुढे जातं. चांगल्या स्कॅनरमध्ये धूळ ओळखण्यासाठी अवरक्त किरणांची वेगळी फेरी असते. रंगीत निगेटिव्हमधल्या रंगांतून हे किरण आरपार जातात, धुळीपाशी आणि ओरखड्यापाशी अडतात. म्हणजे त्या फेरीत चित्र दिसतच नाही, फक्त घाण दिसते, आणि तेवढीच नेमकी काढता येते. फार सुंदर युक्ती आहे ही. पण जुन्या कृष्णधवल निगेटिव्हमध्ये चित्र चांदीच्या कणांचं असतं, आणि चांदी या किरणांना अडवते. तिथं यंत्राला सगळं चित्रच धूळ वाटतं. म्हणून कृष्णधवल निगेटिव्हला ही फेरी लावायची नसते. आमच्या घरातल्या लग्नांच्या, मुंजींच्या, शेतावरच्या सगळ्या जुन्या निगेटिव्ह चांदीच्याच आहेत.

संगणकात गेलेलं पहिलं चित्र घरातलंच होतं. 1957मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल कर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिरत्या नळकांड्याचा स्कॅनर बनवला, आणि त्यावर कर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा, वॉल्डनचा, फोटो चढवला. 176 गुणिले 176 ठिपके. यंत्र प्रत्येक ठिपक्याला काळा किंवा पांढरा एवढंच म्हणू शकत होतं. बाळाच्या गालावरची करडी छाया त्यात मावेना, म्हणून काळं-पांढरं ठरवण्याची रेघ दर वेळी जरा सरकवून तोच फोटो पुन्हा पुन्हा स्कॅन केला आणि त्या फेऱ्या एकत्र करून करडेपणा मिळवला. इतिहासात नोंदलं गेलेलं ते तंत्र मला एका बापाची चिकाटी म्हणूनच दिसतं. गाल काळा नाही, पांढराही नाही, आणि तो तसाच यायला हवा.

कागदपत्रांच्या वेळी मला कर्श यांची आठवण होते. प्रोग्रॅममध्ये ‘टेक्स्ट’ असा एक पर्याय असतो, तो आजही प्रत्येक ठिपका काळा की पांढरा एवढंच ठरवतो. विजेचं बिल असेल तर ठीक. आत्याच्या ट्रंकेत स्टॅम्पपेपरवरचं एक खरेदीखत आहे, विहिरीजवळच्या तुकड्याचं. मजकूर मोडीत, खाली बाळबोध सह्या, एक अंगठा, आणि समासात कुणीतरी पेन्सिलीनं केलेला हिशेब. टेक्स्टमध्ये घेतलं तर पेन्सिल नाहीशी होते, जांभळा शिक्का आणि काळी शाई एकमेकांत मिसळून मोडीचं वळण गिळतात. रंगीत घेतलं तर तिन्ही वेगळे राहतात. पातळ कागदामागे काळा कार्डबोर्ड ठेवला, की पाठीमागचा मजकूर पुढं डोकावत नाही. छापील देवनागरी वाचून देणारे प्रोग्रॅम आता चांगले आहेत, टेसरॅक्ट तर मोफत आहे आणि मराठी वाचतो. त्या खरेदीखतासाठी मात्र मोडी जाणणाऱ्या माणसाकडेच जायला हवं, आणि त्या माणसाला पेन्सिलीचा हिशेबही दिसायला हवा. वि. का. राजवाड्यांनी 1898पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनें’चे बावीस खंड उभे केले ते घराघरांतल्या अशाच कागदपत्रांच्या रुमालांतून, आणि घरच्यांना त्यांतलं कितीतरी रद्दी वाटत होतं.

रंगीत फोटोंबद्दल थोडं. 1970च्या दशकातले आमचे बहुतेक लालसर झाले आहेत, कारण त्या काळच्या कागदातला निळसर रंग आधी उडतो. प्रोग्रॅममधली रंग परत आणायची सोय खरोखर चकित करते. आत्याच्या लग्नाच्या फोटोत मांडवाच्या आंब्याच्या पानांना हिरवा रंग आला तेव्हा तिनं पदर डोळ्यांना लावला. शालू मात्र निळा झाला. ‘पोपटी होता,’ ती म्हणाली. प्रोग्रॅम सरासरीवरून अंदाज बांधतो. शालू तिनं नेसला होता. मी रंगाची पट्टी सरकवत गेले आणि ती ‘अजून थोडा, अजून’ म्हणत गेली. हे सगळं दुसऱ्या प्रतीवर. पहिली प्रत, लालसर, डागाळलेली, टिफमध्ये जशीच्या तशी राहते. पोस्टकार्डाएवढ्या फोटोची अशी फाइल सुमारे 20 एमबीची होते. जेपेग लहान असते, पण दुरुस्ती करून ती दर वेळी नव्यानं साठवली की काहीतरी गळतं, आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो आणखी आकसतो. नातेवाइकांना जेपेग द्यावी, घरात टिफ ठेवावी.

पणजीच्या फोटोचीही एक दुसरी प्रत केली. शिंतोडे एकेक करून हातानं काढले, पडद्यावरचे, खुर्चीवरचे, नऊवारीवरचे. चेहऱ्याशी आले तेव्हा प्रत्येक ठिपक्यावर बोट ठेवून आत्याला विचारत गेले. एका ठिकाणी ती अडली. डाव्या गालावर, नाकाजवळ, एक बारीकसा ठिपका आहे. तीळ की गाळ, ते तिला आठवेना. तो मी काढलेला नाही.

तुमच्याकडे असे अल्बम असतील तर येत्या मृगाच्या आत खालच्या कपाटातून काढून उंचावर ठेवा. ज्यांना त्यातले चेहरे ठाऊक आहेत त्यांना स्कॅनरशेजारी खुर्ची द्या. पहिल्या फेरीला धूळ, ओरखडे, रंग, धार या सगळ्या चौकटी रिकाम्या ठेवा आणि फोटोची पाठही घ्या. फायली दोन वेगळ्या घरांत ठेवा. आणि मूळ फोटो, कितीही डागाळलेला असला तरी, टाकून देऊ नका.