लोणारचा पाषाण आणि सुरतेचा तृणमणि

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार येथें दैत्यसूदनाचें दर्शन घेऊन यात्रेकरू विवराच्या कांठावर येतो, आणि अशनिपातानें झालेलें सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें तें महापात्र पाहून स्तिमित होतो. भोंवतालचा काळा पाषाण म्हणजे सुमारें ६.५ कोटि वर्षांपूर्वींचा थिजलेला अग्निरस. त्या रसाखालीं सांपडलेल्या माशी-मुंगीचा मागमूस कोठून राहावा?

याच जिल्ह्याच्या उत्तर भागांतून वाहणारी पूर्णा तापीस मिळते व तापी सुरतेकडे जाते. त्या सुरत जिल्ह्यांत, वस्तानच्या कोळशाच्या खाणींत, हा मागमूस सांपडला. सुमारें ५ कोटि वर्षांपूर्वीं शालवर्गांतील वृक्षांच्या राळेंत अडकलेले जीव तेथें तृणमणि झालेल्या त्या राळेनें जसेच्या तसे राखले आहेत. घासला असतां गवताची काडी ओढतो, म्हणून हा तृणमणि. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत अशा ७०० हून अधिक जीवांची नोंद आहे: मुंग्या, वाळवी, मधमाशा, पुढें चावऱ्या चिलटांच्या कुळांतीलही आढळले.

भरतखंड तेव्हां समुद्रांत दीर्घकाळ एकाकी सरकत होतें, तेव्हां येथील जीवही निराळे असावेत, असा समज होता. परंतु या कीटकांचे सगोत्र युरोप, आशिया व मध्य अमेरिका येथें निघाले. एवढी मोठी साक्ष चिमुकल्या किड्यांनीं दिली!

तो कोळसा मात्र विजेसाठीं जाळण्याकरितां खणलेला. वेळींच वेंचला तो मणि इतिहास झाला. राहिला त्याचा धूर.