डोळा नसलेला कॅमेरा

छायाचित्र काढणारा माणूस आधी कॅमेऱ्याला डोळा लावतो. चौकटीत कोण आले, कोण सुटले याची खात्री करतो आणि मगच कळ दाबतो. ही खात्री ज्या खिडकीतून होते तिला व्ह्यूफाइंडर म्हणतात. मानवाच्या पहिल्या चंद्रपदार्पणाची छायाचित्रे मात्र अशी खिडकीच नसलेल्या कॅमेऱ्याने टिपली आहेत.

1962 साली वॉली शिरा या अमेरिकन अंतराळवीराने ह्यूस्टनमधील एका दुकानातून स्वीडनच्या हॅसलब्लाड कंपनीचा कॅमेरा विकत घेतला. अंतराळात नेण्यापूर्वी त्यातील आरसा, व्ह्यूफाइंडर, बाहेरचे आवरण असे जे जे अनावश्यक ते काढून टाकण्यात आले. जुलै 1969 मध्ये अपोलो 11 सोबत त्याच कंपनीचा, खास चंद्रभूमीसाठी सिद्ध केलेला कॅमेरा गेला. त्यालाही व्ह्यूफाइंडर नव्हता. शिरस्त्राण घातलेल्या माणसाला कॅमेऱ्याला डोळा लावणे शक्यच नव्हते. म्हणून कॅमेरा पोशाखाच्या छातीवर अडकवायचा, सारे अंगच दृश्याकडे वळवायचे, अंतर नजरेने अजमावायचे आणि कळ दाबायची, अशी रीत ठरली. खिडकीचे काम सरावावर सोपवले गेले.

उणिवा राहिल्याच. बझ आल्ड्रिन यांचे ते जगप्रसिद्ध छायाचित्र मूळ फिल्मवर किंचित तिरके आहे आणि त्याची चौकट त्यांच्या डोक्यालगतच संपते. वरचे काळे आकाश प्रसिद्धीसाठी नंतर जोडण्यात आले. त्याच चित्रात, शिरस्त्राणाच्या काचेवर, एक लहानशी आकृती दिसते. ते नील आर्मस्ट्राँग. कॅमेरा बहुतेक वेळ त्यांच्याकडे असल्याने चंद्रावर पहिले पाऊल ठेवणाऱ्या माणसाची तेथील छायाचित्रे मोजकीच आहेत.

परतीच्या वेळी प्रत्येक वस्तूचे वजन तोलले गेले. चंद्रावरील सुमारे 21.5 किलो माती आणि दगड यानात आले, फिल्मची पेटी आली. ज्याने ती चित्रे टिपली तो मौल्यवान कॅमेरा मात्र चंद्रावरच ठेवण्यात आला.

पेढीवर बसणाऱ्या माणसाला हा हिशेब परका वाटणार नाही. गाडीत जागा मोजकी असली की कोणता माल आधी चढवायचा, हे त्याला सांगावे लागत नाही. घराच्या बाबतीत मात्र हाच हिशेब विसरला जातो, कारण तेथे जागेची सक्ती जाणवत नाही. एका कपाटात मावेनासे झाले की दुसरे येते.

चंद्रावरच्या त्या त्यागात वैराग्य नव्हते, वजनाची सक्ती होती. परिग्रह-परिमाण व्रत घेणारा श्रावक हीच मर्यादा कोणतीही सक्ती नसताना स्वतः आखतो, आणि म्हणूनच त्याचे व्रत अधिक कठीण असते. एकदा मर्यादा आखली की कपाटातील प्रत्येक वस्तू हाती घेऊन एकच प्रश्न विचारायचा उरतो: ही फिल्म आहे, की कॅमेरा?