घामाला वाट

गेल्या वर्षी वैशाखात चिरंजीवांबरोबर पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगावला सायकलने निघालो, तेव्हा माझ्या अंगात नेहमीचा सुती सदरा होता. उन्हाळ्यात सुतासारखे सुख नाही, हा आमचा पिढीजात विश्वास! मुळशीपर्यंत तो खरा ठरला. देशावरचे ऊन कोरडे. घाम आला तसा उडून जातो. घाट उतरून विळ्याला आलो आणि हवा पालटली. कोकणच्या दमट हवेत घाम उडेना. सदरा भिजून पाठीला चिकटला, काखेत काचू लागला. पुढे मला भोवळच आली. चिरंजीवांनी आंब्याखाली बसवून तोंडावर पाणी मारले. त्यांच्या चेहऱ्यावरची ती भीती मी विसरलेलो नाही.

घरी परतल्यावर दोघे मिळून जर्सी घ्यायला गेलो. घाम आल्याने अंग थंड होत नाही, तो उडाल्याने होते. सूत पाणी पिऊन धरून ठेवते. पॉलिएस्टरचा धागा ते जवळजवळ पीत नाही, कापडभर पसरून उडू देतो. म्हणून नावापेक्षा वीण पाहावी. उजेडापुढे धरली की बारीक जाळी दिसावी. अंगात घालून हँडलवर वाकतो तसे वाकावे. कंबर उघडी पडू नये. चेन गळ्यापासून खालपर्यंत उघडावी. पाठीवरच्या खिशात भरली बाटली ठेवून पाहावी. खिसा लोंबला, तर जर्सी परत करावी.

“एवढ्यात चार सदरे आले असते!” सौभाग्यवती म्हणाल्या. खरे आहे. शिवाय कोकणच्या हवेपुढे कुठलीही जर्सी थिटीच! म्हणून यंदा पहाटेच निघालो, आणि चिरंजीव “बाबा, थांबा” म्हणाले, तिथे निमूटपणे थांबलो.