डॉक्टर कोटणिसांच्या सासरी

चीन आमच्या घरात फार पूर्वीच शिरला होता, पण त्याला कोणी चीन म्हणत नसे. सकाळी तो चहा होऊन येई आणि ज्या कपातून येई तो कपही चिनीमातीचा. मसाल्याच्या डब्यात तो दालचिनी होऊन बसलेला असे. शाळेत संस्कृतच्या तासाला कालिदासाचे ‘चीनांशुक’ भेटले, तेव्हा आपल्या राजेरजवाड्यांच्या ध्वजाचे रेशीमही तिकडचेच, हे कळले. पुढे बाळकुम नाक्यावर ‘चायनीज’च्या लाल गाड्या लागल्या आणि कोबीच्या ढिगावर शेजवान चटणी ओतलेली ‘चायनीज भेळ’ आम्ही मिटक्या मारीत खाऊ लागलो. या पदार्थाचे नाव चिनी माणसाने ऐकलेलेही नसते, ही गोष्ट अलाहिदा!

हा झाला स्वयंपाकघरातला चीन. दुसरा चीन ओसरीवर बसे. त्याचे नाव निघाले की म्हातारी माणसे गप्प होत आणि मग कुणीतरी म्हणे, ‘बासष्ट साली भाई भाई म्हणत गळा धरला.’ त्या पिढीची ती जखम खरी होती. तिला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला नाही. मात्र या दोन्ही चीनमध्ये एक गोष्ट सारखी होती. दोन्हींत एकही चिनी माणूस नव्हता. चहा होता, तोफ होती. माणूस कुठेच नव्हता.

तो माणूस पाहण्याचा योग आला तो भाच्यामुळे. इथल्या खाजगी वैद्यकीय महाविद्यालयांची फी ऐकून ताईचे यजमान खुर्चीत बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. शेवटी पोरगा चीनच्या होपेई प्रांतात डॉक्टरकी शिकायला गेला. त्या वर्षांत भारतातील वीस हजारांहून अधिक विद्यार्थी चीनमध्ये शिकत होते आणि त्यांतले बहुतेक वैद्यकीचेच होते, त्यामुळे हे काही आक्रीत नव्हते. पण आईच्या मनाचे काय? ‘तू एकदा जाऊन डोळ्यांनी बघून ये रे,’ असा ताईने धोशा लावला, आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये लसणाची चटणी, मेतकूट आणि गोडा मसाला घेऊन मी निघालो. बाळकुमच्या खाडीकाठची सुकट तेवढी विमानतळावरच्या धास्तीने घरीच राहिली.

हाँगकाँगपर्यंत सहा तास आणि तिथून पुढे बीजिंग. खिडकीतून खाली समुद्र दिसला तेव्हा सोलापूरच्या एका तरुण डॉक्टरची आठवण झाली. १ सप्टेंबर १९३८ रोजी तो याच मुंबईहून बोटीने निघाला होता आणि कँटनला पोचायला त्याला दोन आठवड्यांहून अधिक काळ लागला होता. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस! आमच्या पिढीला हे नाव मुख्यतः शांतारामबापूंच्या १९४६ सालच्या ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ या चित्रपटामुळे माहीत. त्यात बापू स्वतःच कोटणीस झाले होते. पोरगा ज्या प्रांतात शिकत होता त्याच प्रांतात डॉक्टरांची समाधी आहे, एवढे मी निघण्यापूर्वी नकाशात पाहून ठेवले होते.

बीजिंगमध्ये पहिला धक्का बसला तो शांततेचा. एवढे मोठे शहर, रस्त्यावर हजारो दुचाक्या, पण फटफट नाही. सगळ्या विजेवर चालणाऱ्या. पाठीमागून केव्हा येतात ते कळतच नाही. आपल्या माजिवडा नाक्यावर वाढलेल्या माणसाला कर्णा ऐकल्याशिवाय रस्ता ओलांडण्याची सवय नसते, त्यामुळे भाचा मला लहान मुलासारखा हाताला धरून नेई. दुसरी नवलाई पैशाची. भाजीवालीसमोर मी नोट धरली, तर ती गोंधळून माझ्याकडेच पाहू लागली. कोथिंबिरीची जुडी घ्यायची तरी फोन पुढे करायचा. आणि तिसरी गोष्ट म्हणजे पाणी! जो तो गरम पाणी पितो. प्रत्येकाच्या हातात थर्मास, त्यात तरंगणारी चहाची पाने. दूध नाही, साखर नाही, आले नाही. ज्यांनी जगाला चहा दिला त्यांचा चहा पाहून मला त्यांची दयाच आली. त्यांना आमच्या चहाबद्दल काय वाटत असेल ते त्यांनी सौजन्याने सांगितले नाही.

पण मनात घर करून राहिले ते तिथल्या बागांतले म्हातारे. सकाळी कुणी संथपणे हातपाय हलवीत व्यायाम करतो, कुठे बायकांचा घोळका गाण्यावर नाचतो. एक आजोबा हातभर लांबीचा कुंचला बादलीतल्या पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरे काढीत होते. शाई नाही, नुसते पाणी. ओळीच्या शेवटाला येईतो पहिली अक्षरे उन्हाने वाळून जात. आजोबांना त्याचे काहीच वाटत नव्हते. ते पुन्हा कुंचला बुडवीत. मी अर्धा तास पाहत उभा होतो.

शहराबाहेर पडलो की उंच इमारतींच्या रांगाच रांगा. हे दृश्य मला मुळीच परके वाटले नाही. बाळकुम-कोलशेतलाही असेच मनोरे उभे राहिलेले आम्ही पाहिले. जिथे भाताची खाचरे होती, पुढे कारखाने आले, तिथे आता चाळीस चाळीस मजल्यांची घरे आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी जुने गाव अंग चोरून बसले आहे. तिथेही मनोऱ्यांच्या सावलीत एखादी बुटकी, करड्या विटांची घरांची ओळ दिसे आणि दारात स्टुलावर बसलेली म्हातारी दिसे. तिची आणि आमच्या गावातल्या आज्यांची बसण्याची ढब अगदी एक!

बीजिंगहून शिज्याच्वांगला आम्ही वेगवान गाडीने गेलो. अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या घरात, आणि वेळ लागला सव्वा तासाच्या आसपास. भारतातली पहिली प्रवासी आगगाडी १८५३ साली आमच्या ठाण्याला आली याचा आम्हांला केवढा अभिमान. तो मी त्या गाडीत मुकाट्याने गिळला. बाहेर सपाट मैदान, गव्हाची हिरवी शेते आणि कडेने सरळसोट वाढलेली पॉप्लरची झाडे.

दिवस होता ५ एप्रिल, म्हणजे चिनी लोकांचा ‘छिंगमिंग’. या दिवशी सारे जण आपापल्या पूर्वजांच्या थडग्यांवर जातात, ती झाडतात, फुले वाहतात. आपला पितृपंधरवडाच म्हणा, फक्त वसंतातला. शिज्याच्वांगच्या हुतात्मा स्मारकाच्या बागेत त्या दिवशी गर्दी होती. तिथे डॉ. नॉर्मन बेथ्यून या कॅनडाच्या शल्यवैद्याची समाधी आहे आणि आपल्या कोटणिसांचीही. कोटणिसांचा पांढरा पुतळा दिसला आणि पाय आपोआप थांबले. पायथ्याशी फुले होती, ती मोजण्यापलीकडची. गळ्यात लाल रुमाल बांधलेली शाळकरी मुले रांगेने येत होती आणि मान लववून पुढे जात होती. ती ज्या नावाने त्यांना ओळखतात ते मला प्रथम कळलेच नाही. चिनी भाषेत ते ‘ख दीह्वा’ झाले आहेत.

१९३७ साली जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टरांची मदत मागितली. १९३८ साली सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी देशाला आवाहन केले. आपण स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाने दुसऱ्याला पाच डॉक्टर पाठवले : अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. त्यांतले चोळकर नागपूरचे, म्हणजे पाचांत दोघे मराठी. १९३९ च्या फेब्रुवारीत ते येनानला पोचले. पुढे बाकीचे चौघे एकेक करून मायदेशी परतले, कोटणीस राहिले. होपेईच्या डोंगराळ मुलखातल्या खेड्यापाड्यांत, लढाईच्या धुमाळीत ते शस्त्रक्रिया करीत राहिले. १९४० सालच्या एका लढाईत ते ७२ तास सलग उभे होते, असे सांगतात. १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. त्याच वर्षी त्यांनी क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केले. १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचे नाव ठेवले ‘यिनह्वा’. यिन म्हणजे भारत आणि ह्वा म्हणजे चीन! त्यानंतर काही महिन्यांतच, ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी डॉक्टर गेले. वय अवघे बत्तीस.

पुतळ्याजवळ एक वृद्ध गृहस्थ हातात पिवळी शेवंती घेऊन उभे होते. त्यांनी तीनदा वाकून नमस्कार केला. भाच्याने त्यांना आम्ही कोण ते सांगितले. डॉक्टर ज्या प्रांतातले त्याच प्रांतातला हा माझा मामा, असेही सांगितले. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. मग बराच वेळ काहीतरी बोलले. भाच्याने मराठीत सांगितले ते असे : “मामा, ते म्हणतात, आमच्याकडे समाधी झाडणे हे मुलाचे काम. यांचा मुलगा तरुणपणीच गेला. घरचे लोक लांब. मग हे काम आम्ही नाही करायचे तर कोणी?”

यिनह्वा वैद्यकीचे शिक्षण घेत असतानाच १९६७ मध्ये वारला, हे मी वाचले होते; पण त्याचा असा अर्थ तोवर मनात आला नव्हता. मला भीष्माष्टमी आठवली. भीष्मांना संतती नव्हती म्हणून माघातल्या त्या दिवशी कोणीही त्यांना तर्पण करावे, अशी आपली रीत आहे. सोलापूरच्या एका निपुत्रिक डॉक्टरला हे परके लोक वर्षानुवर्षे तर्पण करीत आले होते. त्या गृहस्थांच्या हातातली दोन फुले त्यांनी मला दिली. ती वाहताना माझे डोळे कोरडे राहिले नाहीत, हे सांगायला संकोच वाटत नाही.

सातव्या शतकात ह्युएन त्संग पुलकेशीच्या राज्यात आला होता. महाराष्ट्रातल्या लोकांविषयी त्याने लिहून ठेवले आहे की हे लोक उपकार करणाऱ्याचे ऋण विसरत नाहीत आणि अपमान करणाऱ्याला सोडत नाहीत. हे प्रशस्तिपत्र आपण फार मिरवतो. जवळजवळ चौदाशे वर्षांनी मी तोच गुण त्याच्या देशात, आपल्याच माणसाच्या समाधीपाशी पाहिला. आणि ठाण्याचे नातेही आजचे नाही. १३२१ साली ठाण्यात चार ख्रिस्ती साधू मारले गेले. ओदोरिक नावाच्या प्रवाशाने त्यांच्या अस्थी पुढे जहाजाने चीनच्या जैतून बंदरात नेल्या. आमच्या खाडीकाठची माती अशी सुमारे सातशे वर्षांपूर्वीच तिकडे पोचली होती.

स्मारके सरकारे बांधतात आणि त्यांत सरकारांचा हेतूही असतो, हे मला कळते. १९६२ साली छिंगलानबाईंना काय वाटले असेल? नवरा भारताचा, देश चीन, आणि वीस वर्षांच्या मुलाच्या नावात दोन्ही देश! त्या पुढे अनेकदा भारतात आल्या आणि २०१२ साली निवर्तल्या. त्यांचे सासर आणि माहेर यांच्यामधून सैन्ये गेली. पण त्या गृहस्थांच्या हातातली शेवंती त्यांना कोणत्या खात्याने दिली नव्हती.

हे सारे लवकरच कसाला लागले. २०२० च्या जानेवारीत भाचा सुट्टीला बाळकुमला आला आणि करोनामुळे अडकला. जूनमध्ये इकडे महापालिकेचे हजार खाटांचे करोना रुग्णालय बाळकुमलाच उभे राहिले आणि तिकडे १५ जूनला गलवानमध्ये आपले वीस जवान हुतात्मा झाले. आळीतल्या मुलांनी चिनी वस्तूंची होळी केली. संताप न्याय्यच होता. कुणीतरी भाच्याला म्हणाला, “तुझी ती पुस्तकंपण आण.” तो काही बोलला नाही, घरात गेला. त्या संध्याकाळीही नेहमीप्रमाणे तो आळीतल्या म्हाताऱ्यांच्या बोटाला प्राणवायू मोजायचे यंत्र लावीत फिरला. यंत्राच्या कागदावर सगळे चिनी अक्षर होते. आळीत ते वाचता येणारा तो एकटाच. होळी करणाऱ्यांपैकी एकाच्या आजीचा आकडा घसरलेला त्यालाच दिसला आणि ती वेळेवर रुग्णालयात पोचली. पुढे तो मुलगा स्वतःच येऊन अंगणात बसून गेला. चीनविषयी त्याचे मत बदलले नाही, आणि भाच्यानेही तसा आग्रह धरला नाही.

विद्यार्थ्यांना २०२२ च्या ऑगस्टपासून पुन्हा परवाने मिळू लागले. भाचा गेला, शिक्षण पुरे करून आला. भारतातून थेट विमाने मात्र २०२५ च्या ऑक्टोबरपर्यंत बंदच होती.

स्मारकाजवळच्या संग्रहालयात कोटणिसांची एक वही आहे. बोटीवरच्या प्रवासात त्यांनी चिनी शब्द टिपून ठेवले, ती ही वही. रुग्णाला ‘कुठे दुखते?’ एवढे तरी त्याच्या भाषेत विचारता यावे, म्हणून किनारा दिसण्यापूर्वीच त्यांचा अभ्यास सुरू झाला होता. मोठमोठे पुतळे मी पुष्कळ पाहिले, पण सोलापूरचा जावई त्या लोकांनी पोटाशी का धरला, याचे उत्तर मला त्या लहानशा वहीत मिळाले. आपल्या विद्यार्थिमित्रांपैकी कोणी उद्या परदेशी जाईल, कोणी निदान परप्रांतात जाईल. त्याने चटणी-मेतकूट जरूर न्यावे. पण सोबत एक कोरी वहीही न्यावी.