आठ वार कापड

रात्री अकरा वाजता घरच्या ग्रुपवर फोटो येऊन पडला तेव्हा मी उद्याच्या व्हायव्हाची फाईल कॉपी करत होतो. फोटोत जाडजूड वहीसारखं काहीतरी होतं आणि पानोपानी चौकडीच्या कापडाचे तुकडे चिकटवलेले. खाली दादाचा मेसेज, "यातला आपला कोणता?"

दादा म्हणजे माझा सख्खा चुलतभाऊ. शासनाच्या परदेश शिष्यवृत्तीवर ग्लासगोला एम.एस्सी. करतो. त्याच्या लॅबमधल्या एका स्कॉटिश मित्राचं लग्न होतं आणि पाहुण्यांनीही किल्ट घालून यावं असा नवरदेवाचा आग्रह. दादा भाड्याच्या दुकानात गेला. दुकानदार काकांनी पहिला प्रश्न विचारला, "नाव काय? कूळ कोणतं?" कारण तिथे प्रत्येक कुळाची चौकडी वेगळी. तिला टार्टन म्हणतात. काकांनी 'मेश्राम' हे नाव आपल्या यादीत मनापासून शोधलं म्हणे. सापडलं नाही.

ग्रुपवर आधी हसाहसी झाली. "हा तर घागरा आहे बे!" असं माझ्या रूम पार्टनरने खांद्यावरून डोकावून जाहीर केलं. त्याच्या माहितीसाठी सांगतो, पुरत्या किल्टला आठ वार कापड लागतं, म्हणजे आपल्या नऊवारीपेक्षा एकच वार कमी, आणि निऱ्या मागे असतात. त्या निऱ्याही अशा मोजून घालतात की चौकडीचं चित्र मागून तुटलेलं दिसू नये. चौकडीचं गणित तर आपल्या एम-थ्रीपेक्षा सरळ आहे. उभ्या धाग्यांत रंगांचा जो क्रम, तोच आडव्या धाग्यांत. एका टोकाला जाऊन क्रम उलटा फिरतो. विणकाम दोन धागे वर, दोन खाली, म्हणून जिथे दोन रंग एकमेकांना छेदतात तिथे तिरप्या रेघांची तिसरीच छटा दिसते. मूळ रंग तीन असतील तर छटा सहा आणि रंग सहा असतील तर छटा एकवीस. फॉर्म्युला ज्याने त्याने काढावा.

गणित मला आलं. पण त्याच रात्री काकांनी ग्रुपवर लिहिलं, "आपलं कूळ सांग न त्याला, आपले देव किती ते सांग." आणि माझ्या लक्षात आलं की आपले देव किती हे मला माहीत नाही.

खरं सांगायचं तर यात माझी चूक कमी आणि लबाडी जास्त होती. फर्स्ट इयरला ट्रॅडिशनल डे होता. कोणी पेशवाई पगडी आणली, कोणी फेटा बांधला, एकाने तर भाड्याने तलवार आणली होती. मला विचारलं, "तुमच्याकडे काय घालतात?" मी म्हटलं, "आमच्याकडे असं खास काही नसतं." आणि कोणाचा तरी कुर्ता मागून घातला. मेश्राम आडनाव इकडे गोंडांतही आहे आणि इतर समाजांतही, त्यामुळे लोक आपापला अंदाज बांधतात. मी तो कधी दुरुस्त केला नाही. रोज जटपुरा गेटखालून जातो, वर गोंड राजांचं चिन्ह आहे, हत्तीवर स्वार झालेला सिंह. तीन वर्षांत एकाही मित्राला मान वर करून दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी अहेरीला आजीला फोन लावला. ती आधी रागावली, मग सांगायला बसली. आम्ही येरवेन सगा, म्हणजे सात देवांचे. नालवेन म्हणजे चार, सैवेन पाच, सारवेन सहा. एका सग्यातले सगळे भाऊ-भाऊ, त्यांच्यात सोयरीक होत नाही. आजी माहेरची सहा देवांची. सात देवांची ती केसलापूरला झाली. तेलंगणात आदिलाबाद जिल्ह्यात केसलापूरला नागोबाचं देऊळ आहे, तो मेश्रामांचा देव. पौष अमावास्येला जत्रा भरते. मेश्राम मंडळी पायी चालत जाऊन गोदावरीचं पाणी आणतात आणि नव्या सुनांना देवापुढे नेतात. त्याला 'भेटिंग' म्हणतात. भेटिंग झाल्यावर सून त्या देवाची. आजी म्हणाली, "पांढरं लुगडं होतं माझं. डोक्यावरून खाली ओढलेलं. थंडीनं कुडकुडत होतो आम्ही साऱ्या."

मी विचारलं, "मग आपला रंग पांढरा?"

"रंग काय पुसतेस, देव पूस," ती म्हणाली.

मग मी दादाचे फोटो तिला दाखवले (काकांच्या फोनवर, कारण तिचा फोन बटणांचा). तिने एकच विचारलं, "हे कोनाचं हाये?" मी सांगितलं, हे मॅकडोनाल्डांचं, हे फ्रेझरांचं. "मंग दुसऱ्याच्या देवाचं आपन कसं घालाचं?"

इथे मी शहाणपणा केला. रात्री नेटवर बसून वाचून काढलं होतं. डोंगराळ मुलखातल्या लोकांनी बंड केलं म्हणून 1746 मध्ये इंग्रज सरकारने त्यांच्या पोशाखावर कायद्याने बंदी घातली, ती 1782 मध्ये उठली. पुढे 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला, त्याच्या स्वागताला सगळ्यांनी टार्टन घालून यायचं ठरलं, आणि मग प्रत्येक कुळाची ठरावीक चौकडी ही कल्पना जोरात पसरली. त्यातल्या पुष्कळ चौकड्या कुळांपेक्षा गिरण्यांनीच ठरवल्या. रंगांची नावं तर त्याहून गमतीची. 'मॉडर्न' म्हणजे रासायनिक रंगाचा गडद प्रकार, 'एन्शंट' म्हणजे जुन्या वनस्पतीरंगांसारखा फिका, आणि हा 'एन्शंट' बाजारात आला 'मॉडर्न'च्या नंतर! 'वेदर्ड' म्हणजे मुद्दाम मातीत पुरून काढल्यासारखा विटका. 'हंटिंग' रानात शोभेल असा हिरवा-तपकिरी आणि 'ड्रेस' म्हणजे पांढऱ्यावर. मी आजीला म्हटलं, "ते काही फार जुनं नाहीये, बनवलेलं आहे."

ती म्हणाली, "बनवलं तं बनवलं. दोनशे वर्सं घालून राह्यले न? त्यातच लगन केलं, त्यातच मेले. आता त्यायचंच हाये ते." माझं वाचन तिथेच संपलं.

दुकानदाराकडे यावर उत्तर होतं. ज्यांना कूळ नाही त्यांच्यासाठी काही सार्वजनिक टार्टन असतात. त्यात सर्वांत प्रसिद्ध 'ब्लॅक वॉच', निळा, काळा, हिरवा. त्याचं दुसरं नावच 'गव्हर्नमेंट टार्टन'. हे ऐकून आजी खूश. "सरकारी हाये तं चालते. आश्रमशाळेच्या ड्रेसासारखं." दादानेही ठरवून टाकलं आणि ट्रायलचा फोटो टाकला. मॉडर्न छटा, इतका गडद हिरवा की काळाच वाटावा.

त्यावर आमच्या बाबांचा मेसेज आला. बाबा ग्रुपवर सहसा फक्त सुप्रभात पाठवतात. त्यांनी लिहिलं, "हा रंग नको."

हॉस्टेलमधल्या पुणे-नाशिकच्या मित्रांना हे कळायचं नाही. आमच्या घरात गडद हिरवा कपडा आणत नाहीत. लहानपणी मला सोनाराच्या गल्लीतल्या दुकानात तसली सहा खिशांची पँट फार आवडली होती, मी रडलो, तरी बाबांनी घेतली नाही. कारण मला पुढे कळलं. तरुणपणी अशाच रंगाच्या शर्टावर सायकलने जाताना त्यांना अडवून दुपारभर एका झाडाखाली बसवून ठेवलं होतं. कोणी, ते मी लिहीत नाही. आमच्याकडे हिरवे कपडे घालणारे एकाच बाजूचे नव्हते.

मी परत वाचायला बसलो आणि जे मिळालं ते दादाला रात्री दोन वाजता पाठवलं. ब्लॅक वॉच म्हणजे त्या डोंगरांवर पहारा ठेवायला 1725 मध्ये उभ्या केलेल्या तुकड्या. तुकड्यांत भरती केली ती त्याच डोंगरांतल्या कुळांची पोरं. आपल्याकडे 1990 मध्ये सी-60 उभं राहिलं तेव्हा गडचिरोलीतलीच, गोंडी-माडिया बोलणारी पोरं घेतली होती, कारण त्यांना रान माहीत होतं. आमच्या गावचेही दोघं त्यात आहेत. चांगली माणसं आहेत, माझ्याबरोबर व्हॉलीबॉल खेळलेली. त्यांच्या आया रात्री दार वाजलं की कशा उठून बसायच्या तेही मी पाहिलंय. दादाने मेसेज वाचला, निळ्या टिका आल्या. उत्तर दोन दिवस नाही.

तोड शेवटी आजीनेच काढली. "नवरदेवाले पूस. आपन मागून घेऊ नये, पन त्यानं आपलं दिलं तं नाही म्हनू नये. आहेर असते तो."

दादाने विचारलं. नवरदेव एवढा आनंदला की भाडं स्वतः भरतो म्हणाला. त्याचं कूळ कॅम्पबेल. आणि आता खरी गंमत ऐका. कॅम्पबेलांची चौकडी आणि ब्लॅक वॉचची चौकडी एकच आहे! त्या पहिल्या सहा तुकड्यांपैकी तीन कॅम्पबेलांच्याच होत्या. धाग्यांचा क्रम तोच, रंग तेच तीन, छटा त्याच सहा. फक्त कुळाचं म्हणून घालायचं तेव्हा बहुतेक जण फिका 'एन्शंट' प्रकार घेतात, निळं आकाशासारखं आणि हिरवं पावसाळ्याच्या सुरुवातीच्या सागाच्या पानासारखं. दादाने तोच घेतला.

लग्नाचा फोटो आला. पायात लोकरीचे मोजे, पोटावर कातडी बटवा, अंगात पांढरा सदरा. बाबांनी खाली लिहिलं, "छान." आजीने फोन डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "गुडघे उघडे हायेत, थंडी नाही वाजत का?"

पुढच्या महिन्यात आपला ट्रॅडिशनल डे आहे. आजीने ट्रंकेतून आजोबांचं धोतर काढून एसटीने पाठवलं, केसलापूरला नेसायचे तेच. ट्रंकेत राहून पिवळं पडलंय. दोनदा धुतलं, मेसच्या काकांकडून नीळ आणून घातली, तरी पिवळेपणा जात नाही. रूम पार्टनर म्हणतो राहू दे बे, हा वेदर्ड आहे.