रणातला तांब्या

दिरांची जुनी ट्रॅव्हलर गाडी वऱ्हाडाची भाडी मारून मारून खिळखिळी झालेली. विकायच्या आधी त्यांनी मागची बाकं काढली, प्लायवूडचे पलंग ठोकले, कोपऱ्यात गॅसची शेगडी बांधली आणि म्हणाले, "वहिनी, एकदा वाळवंट बघून येऊ. हॉटेलचा खर्च नाही." जानेवारीत चार दिवसांची सवड काढली. दीर, आमचे हे, मी, सासूबाई आणि नववीतली मुलगी असे पाच जण कल्याणहून निघालो. जायचं होतं गुजरातेतल्या कच्छच्या छोट्या रणात.

पहिला मुक्काम बडोद्याला. परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली या शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून बाहेर पडावं लागल्यावर ते इथल्या बागेत बसून राहिले. ती आज आपली संकल्पभूमी. मेणबत्त्या लावल्या, त्रिशरण-पंचशील म्हटलं आणि रात्री गाडीतच झोपलो. सासूबाई म्हणाल्या, "आपल्याला कुणाकडे खोली मागायला नको. घर बरोबरच आहे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रणाच्या कडेला पोचलो. छोटं रण म्हणजे वाळूच्या टेकड्या नव्हेत. नजर जाईल तिथवर सपाट, भेगाळलेली, खारट जमीन. पावसाळ्यात इथं पाणी भरतं. ते ओसरलं की मिठागरात राबणारी कुटुंबं झोपड्या घालून राहतात. जमिनीखालचं खारं पाणी पंपानं उपसायचं, वाफ्यांत सोडायचं आणि उन्हाळ्यापर्यंत मीठ पिकवायचं. दिवसभर पाण्यात उभं राहायचं, पण प्यायचं पाणी मात्र टँकरनं येणार. रात्री गाडीच्या दारात पिठलं-भात खाल्ला. एवढ्या चांदण्या मुलीनं कधी पाहिल्या नव्हत्या.

सकाळी निघालो आणि मैलभरावर इंजिनातून वाफ यायला लागली. रेडिएटरची नळी फाटली होती. दिरांनी ट्यूबची पट्टी आवळून बांधली आणि बरोबरचं सगळं प्यायचं पाणी आत ओतलं. तरी पुरेना. दूर एक झोपडी दिसत होती. मी कॅन उचलला. सासूबाई मात्र गाडीतून हलल्या नाहीत. म्हणाल्या, "मी यायची नाही. लहानपणी विहिरीवर तासन्‌तास उभं राहून कुणी वरून ओंजळीत ओतेल तेव्हा पाणी प्यायलेय मी. आता पुन्हा कुणापुढं ओंजळ धरणार नाही."

मुलीला घेऊन मी गेले. झोपडीतली बाई बाहेर आली. पायांना मिठानं भेगा पडलेल्या. कॅन पाहून तिनं विचारलं, "तमे केवा?" तिकडे हा प्रश्न जातीचाच असतो, हे आमच्या चाळीतल्या गुजराती शेजारणीमुळे मला माहीत होतं. मी चटकन म्हटलं, "मुंबईचे." खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी १९०१ सालचा प्रवास लिहिला आहे. मसूर स्टेशनावरून ते आणि घरातली इतर मुलं बैलगाडीनं वडिलांकडे निघाली होती. डब्यात जेवण होतं, प्यायला पाणी नव्हतं. मुसलमान आहोत असं सांगूनही नाकेदारानं पाणी दिलं नाही. तहानलेल्या लहान मुलांवर ती वेळ आली होती. माझ्यावर कुणी आणली होती?

बाईनं पुन्हा विचारलं. मी गप्प. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "आम्ही बौद्ध. बाबासाहेब आंबेडकरांचे."

बाई क्षणभर बघत राहिली. तिच्या मनात काय आलं, मला ठाऊक नाही. आत गेली, पिंपातून तांब्या भरून आणला आणि मुलीच्या हातात दिला. वरून ओतला नाही, हातात दिला. मग माझा कॅनही भरला. टँकर परवा येणार होता. पैसे घेईना, म्हणून तिच्या लेकरांसाठी चिवड्याची पिशवी दिली.

गाडीत येऊन सगळं सांगितलं. माझी चूकही सांगितली. सासूबाईंनी नातीच्या हातून पाणी घेतलं. "हिनं नाव सांगून आणलंय ना? मग पिते," म्हणाल्या.

मार्चमध्ये गाडी विकली. आपण मुलांना सहलीला नेतो, त्यांना जग दाखवतो. त्या दिवशी मुलीनंच मला दाखवलं. ओळख विचारली की आपण आधी गावाचं नाव सांगतो, शहराचं सांगतो, कंपनीचं सांगतो. हे शिकवणारे आपणच असतो. माझ्यापुरतं तरी मी ते थांबवलं आहे.